अर्धसत्य (चित्रपट)

अर्धसत्य हा १९८३ साली प्रदर्शित झालेला, गोविंद निहलानी दिग्दर्शित हिंदी चित्रपट आहे. मुंबई पोलीस दलातील अनंत वेलणकर या तरुण उपनिरीक्षकाच्या मानसिक पडझडीची कथा त्यात सांगितली आहे. मराठी कथाकार श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. चित्रपटाचे नाव कवी दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून घेतले आहे. भाषा हिंदी असली तरी कथा, पटकथा, कविता, पात्रांची नावे आणि कथेतले शहर या सर्व अंगांनी हा चित्रपट मराठी साहित्य व रंगभूमीशी निगडित आहे.

वेलणकरची भूमिका ओम पुरी यांनी केली. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसेच १९८४ च्या कार्लोव्ही व्हारी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान लाभला. पोलिसी चित्रपटाची रहस्यमयता व थरार येथे आहे. मात्र गुन्हेगार कोण, हा प्रश्न या चित्रपटापुढे नाही. गुन्हेगारांना पकडणारा माणूस स्वतः गुन्हेगार कसा होतो, हा त्याचा विषय आहे.

श्रेयनामावली

दिग्दर्शन व छायाचित्रण : गोविंद निहलानी
निर्मिती : मनमोहन शेट्टी, प्रदीप उप्पूर
मूळ कथा : श्री. दा. पानवलकर ('सूर्य')
पटकथा : विजय तेंडुलकर
संवाद : वसंत देव
कविता : दिलीप चित्रे
संगीत : अजित वर्मन
संकलन : रेणू सलुजा
भाषा : हिंदी
प्रदर्शन : १९८३

पार्श्वभूमी

गोविंद निहलानी यांचा जन्म १९४० साली कराचीत झाला. श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचे छायाचित्रकार म्हणून ते प्रथम नावारूपाला आले. तेंडुलकरांच्या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी काढलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) या मराठी चित्रपटाचे छायाचित्रणही त्यांचेच होते. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 'आक्रोश' (१९८०). त्याची पटकथा तेंडुलकरांनी लिहिली आणि त्यातील आदिवासी लहान्या भिकूची भूमिका ओम पुरी यांनी केली. त्यामुळे 'अर्धसत्य' हा या तिघांच्या सहकार्याचा पुढचा टप्पा ठरतो.

समाजातील हिंसा हा तेंडुलकरांच्या लेखनाचा आरंभापासूनचा विषय होता. 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' या नाटकांत तो निरनिराळ्या रूपांनी आला आहे. १९७० च्या दशकात नेहरू अधिछात्रवृत्तीच्या निमित्ताने त्यांनी देशातील हिंसेच्या प्रश्नाचा अभ्यास केला. घरात, शेजारात, राजकारणात व शासनयंत्रणेत दिसणारी हिंसा ही एकाच मुळाची निरनिराळी अंगे आहेत, ही जाणीव 'अर्धसत्य'च्या पटकथेतही आढळते.

चित्रपटाचा काळ मुंबईच्या इतिहासात अस्वस्थतेचा होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात वडाळा येथे मन्या सुर्वे या गुंडाला पोलिसांनी चकमकीत ठार केले. ऑगस्ट १९८२ मध्ये खुद्द मुंबईच्या पोलीस शिपायांमध्ये असंतोषाचा उद्रेक झाला. पोलीस हा सत्तेचा हात आहे आणि त्याच वेळी सत्तेने दाबलेला नोकरदारही आहे, हे त्या वर्षांत नागरिकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. वेलणकरची कथा याच दुहेरी स्थितीतून निर्माण होते.

कथानक

अनंत वेलणकर हा मुंबईतील एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक, म्हणजे रूढ मराठीत फौजदार आहे. त्याला पुढे शिकायचे होते. परंतु पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांच्या धाकामुळे त्याने वर्दी स्वीकारली. वडील तापट व मारकुटे. लहानपणी आईला होणारी मारहाण तो हतबलपणे पाहत आला आहे. ही आठवण त्याच्या मनात कायमची रुतून बसलेली आहे.

एका मेजवानीत त्याची ओळख महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या ज्योत्स्ना गोखले हिच्याशी होते. पुढे या ओळखीचे रूपांतर प्रेमात होते. कर्तव्यनिष्ठ वेलणकर रामा शेट्टी या बड्या गुंडाच्या माणसांना अटक करतो. त्यांना सोडविण्याचे शेट्टीचे प्रयत्न तो जुमानत नाही आणि त्याच्या आमिषालाही बळी पडत नाही.

पत्नीची छेड काढली जाते अशी तक्रार घेऊन झोपडपट्टीतील एक साधा माणूस ठाण्यावर येतो. वेलणकर त्या टवाळखोरांना पकडून बेदम मारतो. ती आमदाराची माणसे निघतात आणि वेलणकरच्या निलंबनाची मागणी होते. त्याचा वरिष्ठ सहकारी निरीक्षक हैदर अली दिल्लीपर्यंत संबंध असलेल्या एका मध्यस्थाकरवी हे प्रकरण मिटवितो. नोकरी वाचते, मात्र आपण खरे असूनही लबाडीच्या मार्गाने वाचलो, हा सल वेलणकरच्या मनात राहतो.

पुढे शेट्टीचाच एक माणूस भाजलेल्या, मरणोन्मुख अवस्थेत सापडतो. तो आपल्या जबानीत शेट्टीचे नाव घेतो. वेलणकर शेट्टीला अटक करण्यासाठी जातो. शेट्टी शांतपणे दूरध्वनी करतो आणि वेलणकरला वरून परत फिरण्याचा हुकूम येतो. वर्दी अंगावर असताना झालेला हा अपमान कथेचा मध्यबिंदू आहे. त्यानंतर तो दारूच्या आहारी जाऊ लागतो. जिवावर उदार होऊन एका धोकादायक गुन्हेगाराला पकडल्यावर तरी आपली कदर होईल अशी त्याची अपेक्षा असते. पण त्याही कामगिरीचे श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याला दिले जाते.

याच मनःस्थितीत किरकोळ चोरीचा एक संशयित त्याच्या ताब्यात येतो. वेलणकर त्याला इतकी मारहाण करतो की तो कोठडीतच मरण पावतो. निलंबन होते. ज्योत्स्ना दुरावते. आता केवळ रामा शेट्टीच वाचवू शकेल, असा सल्ला हैदर अली देतो, कारण शेट्टी आता राजकारणात शिरून प्रतिष्ठित झालेला आहे. वेलणकर त्याच्याकडे जातो. आपल्या बाजूला आल्यास मदत करण्याची तयारी शेट्टी दाखवितो. त्या क्षणी वेलणकर त्याचा गळा दाबून त्याला ठार मारतो आणि पोलीस ठाण्यावर जाऊन स्वतःला स्वाधीन करतो.

प्रमुख पात्रे

ओम पुरी : उपनिरीक्षक अनंत वेलणकर
स्मिता पाटील : ज्योत्स्ना गोखले
सदाशिव अमरापूरकर : रामा शेट्टी
अमरीश पुरी : वेलणकरचे वडील
शफी इनामदार : निरीक्षक हैदर अली
नसीरुद्दीन शाह : माइक लोबो, निलंबित पोलीस अधिकारी

ओम पुरी यांचा अभिनय

ओम पुरी (१९५०–२०१७) यांचा जन्म अंबाला येथे झाला. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याची चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यांचा पडद्यावरील प्रवास मराठी चित्रपटाने सुरू झाला. तेंडुलकरांच्या नाटकावरील 'घाशीराम कोतवाल' (१९७६) या चित्रपटात त्यांनी घाशीरामाची भूमिका केली होती. पुण्यात अपमानित झालेला घाशीराम कोतवालीचे अधिकार मिळताच त्याच शहरावर सूड उगवितो आणि ज्यांनी त्याला वाढविले तेच शेवटी त्याला जमावाच्या हाती देतात. सात वर्षांनी त्याच नटाने त्याच लेखकाच्या पटकथेत पुन्हा एक पोलीस अधिकारी उभा केला. घाशीराम अधिकार मिळाल्यामुळे क्रूर होतो. वेलणकरच्या हिंसेचे मूळ अधिकार असूनही वाट्याला येणाऱ्या असहायतेत आहे. या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे तेंडुलकरांच्या विचाराचा आवाका ध्यानात येतो.

'आक्रोश'मधील लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मूक राहतो आणि अखेरीस फोडलेली किंकाळी हीच त्याची भाषा ठरते. वेलणकर सुशिक्षित व बोलका आहे, त्याच्या अंगावर वर्दी आहे. तरीही जे बोलायचे ते त्यालाही योग्य ठिकाणी बोलता येत नाही. वरिष्ठांपुढे, वडिलांपुढे आणि शेट्टीपुढे त्याला शब्द गिळावे लागतात. ओम पुरी यांनी या गिळलेल्या शब्दांवरच भूमिकेची उभारणी केली आहे. आवळलेला जबडा, क्षणभर रोखलेला श्वास, समोरच्यावर खिळलेली व नंतर नाइलाजाने खाली वळणारी नजर, यांतून संताप साठत जातो. प्रसंगागणिक त्याची पातळी किंचित वाढते. त्यामुळे कोठडीतील मारहाण अनपेक्षित वाटत नाही. ती घडेल अशी भीती प्रेक्षकाला आधीपासूनच असते.

या अभिनयातील दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे वेलणकरचे मार्दव. ज्योत्स्नाच्या सहवासात त्याचा आवाज उतरतो, चेहऱ्यावर संकोच येतो, क्वचित मिस्कीलपणाही दिसतो. हा माणूस अध्यापक होऊ शकला असता, पुस्तकांत रमला असता, ही शक्यता या प्रसंगांतून खरी वाटते. पुढचा नाश जाणवतो तो या शक्यतेमुळे. केवळ रागीट पोलिसाची भूमिका असती तर तिच्यात शोकांतिकेचे बीज राहिले नसते.

ओम पुरी यांचा देवीचे व्रण असलेला चेहरा तत्कालीन हिंदी नायकाच्या कल्पनेत बसणारा नव्हता. निहलानी यांनी तो जवळून दाखविला. मद्याच्या अमलाखाली सैल पडणारा आणि दुसऱ्या दिवशी गणवेशात पुन्हा ताठ होणारा तोच चेहरा पाहताना, वर्दी ही माणसावर चढविलेली दुसरी त्वचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटच्या प्रसंगात ओम पुरी विजयाचा कोणताही भाव दाखवीत नाहीत. शेट्टीला मारल्यावर पोलीस ठाण्यात आलेला वेलणकर थकलेला आहे. हा थकवा चित्रपटाचा अर्थ ठरवितो. त्याच जागी अभिमान दिसला असता तर 'अर्धसत्य' ही एक सूडकथा झाली असती.

कविता आणि शीर्षक

ज्योत्स्नाने दिलेल्या पुस्तकातील एक कविता वेलणकर उपाहारगृहात बसून मोठ्याने वाचतो, हा चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग आहे. दिलीप चित्रे यांच्या या कवितेत चक्रव्यूहात शिरण्यापूर्वीची, शिरल्यानंतरची आणि बाहेर पडल्यानंतरची अवस्था यांचा विचार आहे. चक्रव्यूहातून कोणी बाहेर आला तरी त्याच्या रचनेत काही फरक पडत नाही, हा तिचा एक महत्त्वाचा आशय आहे. तराजूच्या एका पारड्यात नपुंसकता, दुसऱ्यात पौरुष आणि मधल्या काट्यावर अर्धसत्य, या प्रतिमेने कविता संपते.

वेलणकर वाचायला लागतो तेव्हा तो सहज वाचत असतो. हळूहळू शब्द त्याला स्वतःविषयी वाटू लागतात आणि आवाज बदलत जातो. ओम पुरी यांनी हे वाचन काव्यगायनाच्या थाटात केलेले नाही. कवितेची सवय नसलेल्या माणसाला ती अचानक भिडावी, तसे ते आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रसंग विशेष उपयुक्त ठरतो, कारण वाचक आणि कविता यांच्या भेटीत काय घडते, ते येथे पडद्यावर पाहता येते.

शीर्षकामागे महाभारताचे संदर्भ आहेत. चक्रव्यूहात शिरण्याचे ज्ञान असलेला, पण बाहेर पडण्याचे ज्ञान नसलेला अभिमन्यू मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. 'नरो वा कुंजरो वा' या युधिष्ठिराच्या अर्धसत्याची कथाही तितकीच परिचित आहे. दोन्ही घटना द्रोणपर्वातील आहेत. अभिमन्यूला अधर्माने मारले जाते आणि पुढे द्रोणांच्या वधासाठी धर्मराजही अर्धसत्याचा आश्रय घेतो. वेलणकरच्या कथेत अभिमन्यू आणि युधिष्ठिर हे दोघेही एकाच माणसात सामावले आहेत : तो अन्यायाने घेरला गेलेला आहे आणि स्वतः अन्याय करणाराही आहे.

हिंसेचे चित्रण

दशकभर आधी आलेल्या 'जंजीर' (१९७३) या चित्रपटातील विजय या निरीक्षकालाही कायद्याच्या चौकटीत न्याय मिळत नाही. त्याचा संताप मात्र प्रेक्षकाला न्याय्य वाटतो आणि सूडाच्या पूर्तीने चित्रपट संपतो. 'अर्धसत्य'ने संतप्त तरुणाची हीच प्रतिमा घेऊन तिची दुसरी बाजू दाखविली. वेलणकरचा राग प्रथम टवाळखोरांवर, मग कोठडीतील दुबळ्या संशयितावर आणि अखेर शेट्टीवर कोसळतो. पहिल्या प्रसंगी प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो, दुसऱ्या वेळी हादरतो आणि तिसऱ्या वेळी पुन्हा समाधान पावण्याचा संभव असतो. परंतु तिन्ही वेळा हात तेच आहेत.

किरकोळ चोरीच्या संशयावरून मेलेल्या त्या माणसामागे ना आमदार आहे, ना दिल्लीपर्यंत पोहोचणारा मध्यस्थ. शेट्टी जिथे एका दूरध्वनीने सुटतो, तिथे हा माणूस जिवानिशी जातो. ज्याच्यावर राग आहे त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून जो हाती लागला त्याच्यावर तो राग निघतो. वडिलांचा हात आईवर उठत असे, त्या घरातील व्यवहारही याहून निराळा नव्हता. आपण ज्यांचा तिरस्कार करतो त्या वडिलांसारखेच आपण झालो आहोत, ही वेलणकरची खरी शोकांतिका आहे. शेट्टीच्या वधाने समाधान पावलेला प्रेक्षक त्या संशयिताला विसरला, तर त्याच्याही हाती अर्धेच सत्य उरते.

पौरुषाची कल्पना हा या चित्रपटाचा गाभा आहे. मार खाणे म्हणजे नामर्दपणा आणि मारणे म्हणजे मर्दुमकी, हे समीकरण वेलणकरला घरातून मिळाले व खात्यात दृढ झाले. ज्योत्स्ना हे समीकरण नाकारते. तिच्या दुराव्याला म्हणूनच नैतिक अर्थ आहे. मात्र तिच्या स्वतंत्र आयुष्याचे व विचारांचे चित्रण पटकथेत त्रोटक राहिले आहे. कथेतील तिचे स्थान पुष्कळदा वेलणकरच्या सदसद्विवेकबुद्धीपुरतेच मर्यादित होते, असा आक्षेप या चित्रपटावर घेता येतो.

कोठडीतील मृत्यूंचा प्रश्न चित्रपटानंतरही कायम राहिला. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात १९९६ साली अटक व स्थानबद्धतेविषयी पोलिसांवर बंधनकारक अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना सूचना आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी यांचा त्यांत समावेश आहे.

इतर कलावंत

सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) हे मूळचे अहमदनगरचे. मराठी रंगभूमीवरील 'हँड्स अप' या नाटकातील त्यांचे काम पाहून निहलानी यांनी त्यांची निवड केली. त्यांचा रामा शेट्टी आवाज चढवीत नाही. त्याला कशाची घाई नाही, कारण सर्व काही आपल्या मनासारखे होणार याची त्याला खात्री आहे. वेलणकरच्या आतल्या उकळीसमोर ही थंड निश्चिंतता अधिक भीतिदायक ठरते. या भूमिकेने अमरापूरकरांना हिंदी चित्रपटसृष्टीत स्थान मिळवून दिले.

नसीरुद्दीन शाह यांचा माइक लोबो थोड्याच प्रसंगांत येतो. निलंबित होऊन व्यसनाने खचलेला हा अधिकारी म्हणजे वेलणकरच्या भवितव्याची आगाऊ मिळालेली सूचना होय. शफी इनामदार यांचा हैदर अली वाईट माणूस नाही. तो मित्राला खरोखर मदत करू इच्छितो. तडजोडीखेरीज तगण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या प्रत्येक मदतीबरोबर वेलणकर अधिक गुंतत जातो. अमरीश पुरी यांनी साकारलेले वडील घरात वावरणाऱ्या सत्तेचे रूप आहेत.

पुरस्कार

'अर्धसत्य'ला ३१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि ओम पुरी उत्कृष्ट अभिनेते ठरले. 'आरोहण'नंतरचा हा त्यांचा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार होता. फिल्मफेअर पुरस्कारांत उत्कृष्ट चित्रपट, उत्कृष्ट दिग्दर्शक (निहलानी), उत्कृष्ट सहायक अभिनेता (अमरापूरकर), उत्कृष्ट कथा (पानवलकर) आणि उत्कृष्ट पटकथा (तेंडुलकर) असे सन्मान मिळाले. मराठी कथाकाराच्या कथेला हिंदी चित्रपटाच्या व्यासपीठावर मिळालेला हा मान मराठी साहित्याच्या दृष्टीनेही उल्लेखनीय आहे.

प्रभाव

समांतर चित्रपटांच्या धारेतील असूनही 'अर्धसत्य' मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचला. निहलानी यांनी पुढे 'द्रोहकाल' (१९९४) व 'देव' (२००४) या चित्रपटांत पोलीस व राज्यसत्ता यांचा विषय पुन्हा हाताळला. दोन्हींत ओम पुरी यांच्या भूमिका होत्या. 'शूल' (१९९९), 'अब तक छप्पन' (२००४) यांसारख्या चित्रपटांतील व्यवस्थेने कोंडी केलेल्या पोलीस अधिकाऱ्याचा पूर्वज म्हणून वेलणकरकडे पाहता येते. मात्र पुढील अनेक पोलिसी चित्रपटांनी वेलणकरचा संताप उचलला आणि त्याची लज्जा सोडून दिली. चकमकीत गुंडाला ठार मारणारा अधिकारी त्यांत निःशंक नायक झाला. त्या पार्श्वभूमीवर ओम पुरी यांनी अखेरच्या प्रसंगात दाखविलेला थकवा आजही निराळा आणि आवश्यक वाटतो.

हेसुद्धा पाहा

आक्रोश (चित्रपट)
घाशीराम कोतवाल (नाटक)
विजय तेंडुलकर
श्री. दा. पानवलकर
दिलीप चित्रे